मधले पाच टक्के

बँकेच्या मॅनेजरसाहेबांपुढं नर्सबाईंनी दोन कागद ठेवले. एक स्वतःच्या ठेवीची पावती, दुसरा पुतणीच्या शिलाई मशिनच्या कर्जाचा.

"मला सहा टक्के देतोस आणि पुतणीकडून अकरा घेतोस. मधले पाच जातात कुठं?"

निम्मं गाव बाईंच्या हातांवर जन्माला आलं होतं, त्यात साहेबही होते. त्यामुळे त्यांना वाटेला लावायची सोय नव्हती. घसा चार दिवस धरलेला, तरी साहेबांनी समजावलं. "पगार, भाडं, वीज. काही रक्कम नियमानं अडकवून ठेवावी लागते. पण खरं दुखणं वेगळंच आहे, बाई. काहीजण कर्ज फेडतच नाहीत. त्यांचा भार फेडणाऱ्यांवर येतो."

"म्हणजे माझ्या पुतणीवर! कोण रे हे?"

"नावं सांगता येत नाहीत."

"नको सांगूस. मी नावं घेते, खरं असेल तिथं नुसता खोक."

"अहो बाई, असं कुठं..." आणि साहेबांना जो ठसका लागला!

"छापखानेवाला? बेकरीवाला? डेअरीवाला?"

साहेब जिवाच्या आकांतानं हात हलवत होते, पण खोकला थांबेना. पाणी पिऊन आवाज फुटेपर्यंत बाई जिना उतरूनही गेल्या होत्या.

तासाभरात बेकरीवाला पिठाच्या हातांनीच बँकेत हजर. "साहेब, जन्मात कर्ज काढलं नाही मी! बाईंनी गिऱ्हाइकांदेखत माझा कान पिळला!"

थकलेल्या कर्जांपायी शाखा आधीच बंद पडायच्या बेतात, त्यात ही तक्रार वर गेली तर नोकरीही जायची. साहेबांनी हात जोडून माफी मागितली. बेकरीवाला कसाबसा निवला, तेवढ्यात ट्रकवाला आत शिरला. दीड वर्ष फोन न उचललेला गृहस्थ! त्यानं टेबलावर नोटांचं पुडकं आदळलं.

"घ्या साहेब. यानं कर्ज घेतलं नाही, तरी कान पिळला. मी तर घेतलंय!"

संध्याकाळपर्यंत आणखी आठजण येऊन गेले. दोन महिन्यांत शाखा सावरली. बाईंनीही बेकरीत जाऊन गिऱ्हाइकांदेखतच माफी मागितली. बेकरीवाला म्हणाला, "माफी कसली, बाई? त्या दिवसापासून माझे उधारीवालेसुद्धा आपणहून पैसे देताहेत."

पुढं कर्जाचा दर अर्ध्या टक्क्यानं उतरला. बाई आभार मानायला आल्या, तर साहेबच उठून पाया पडले. "तुमच्यामुळं शाखा राहिली. फक्त एक आहे... पैसा परत आला, ठेवींची तेवढी निकड राहिली नाही. म्हणून ठेवीचा दरही पाव टक्क्यानं उतरलाय."

"म्हणजे मीच माझं कापलं?" बाईंनी पर्समधून पावती काढून टेबलावर ठेवली. "मग ठेव मोड. पुतणीला मीच देते, आठ टक्क्यांनी. दोघींचंही भलं."

"द्या की. पण तिचा हप्ता चुकला तर?"

बाईंनी पावती उचलून परत पर्समध्ये ठेवली.

"नको रे बाबा. ती रडायला लागली, तर मीच आणखी पैसे देऊन घरी येईन. तूच माग तिच्याकडं, आणि त्याचे मधले टक्के काय ते घे. उपकार होतील."