मैनेचं बाळंतपण

शहरातल्या महाल भागात आमच्या घरासमोर बळीरामजी शिंप्यांचं दुकान होतं. दर सोमवारी सकाळी ते गळ्यातला टेप काढून मागच्या गोठ्यात जायचे, गाभण गायीच्या पोटाचं माप घ्यायचे आणि ते गिऱ्हाइकांच्या वहीत लिहून ठेवायचे. वेगळी वही नाही. एकदा एक वकीलसाहेब आपलं जुनं माप शोधायला ती वही चाळत बसले, तर त्यांच्याच नावाखाली लिहिलेलं : 'मैना. पोट पाऊणशे इंच. मागच्या सोमवारपेक्षा दीड जास्त.' वकीलसाहेबांनी आवाज खाली करून विचारलं, ही बाई कोण? बळीरामजी म्हणाले, गाय व्हय जी आमची, आणि माप घेताना तुमच्यासारखी पोट आत नाही ओढत.

वकीलसाहेब रागावले, पण कपडे शिवायला तिथेच येत राहिले. इलाजच नव्हता. बळीरामजींसारखी पँट अख्ख्या महालात कोणाला जमत नसे, आणि हे बळीरामजींना पक्कं ठाऊक होतं.

माणूस अंगाने काटकुळा. पांढरं धोतर आणि बिनबाह्यांची बंडी. जगाला कोट शिवून देणाऱ्या या गृहस्थाच्या अंगात मी कधी कोट पाहिला नाही. बायको फार पूर्वी वारलेली, मागे कोणी नाही, एवढंच आम्ही ऐकून होतो. दुकानाच्या मागे गोठा आणि गोठ्यात चार पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गायी. त्यांतली मैना सगळ्यांत थोरली. 'मापात राहा' हा बळीरामजींचा ठेवणीतला शब्द. भावावरून हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला मापात राहा. शहरात शेणाचा वास कशाला, असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याला मापात राहा. एका मे महिन्यात भर दुपारी त्यांनी ओट्यावर उभं राहून सूर्यालाही मापात राहायला सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

गाय व्यायला झाली की हा माणूस शिंपी राहायचाच नाही. दुकान आणि गोठा यांच्यात एकच भिंत. मशीनच्या आवाजाने गाय दचकते म्हणून पंधरा दिवस आधीपासून मशीन बंद. मग सगळं काम हातशिलाईने. ऐन लग्नसराईत एका नवरदेवाचा सूट अर्धा राहिला, तेव्हा तो बिचारा हळद लागलेल्या अंगाने दुकानात आला. बळीरामजींनी त्याला गोठ्याच्या दारातच अडवलं. तुझ्या अंगाले हळदीचा वास हाये, गाय बिचकन, तिथूनच बोल, म्हणाले. नवरदेव तिथूनच बोलला. सूट त्याला मिळाला, पण लग्न लागल्यावर तिसऱ्या दिवशी. मधल्या काळात तो थोरल्या भावाची पँट घालून घोड्यावर बसला होता, आणि ती पँटही बळीरामजींनीच शिवलेली असल्यामुळे चांगली दिसली, असं वर बळीरामजी सांगायचे.

कोपऱ्यावरचा नवा किराणावाला तर काही दिवस निराळ्याच समजुतीत होता. हे जायचे, सुंठ दाताखाली चावून बघायचे, मेथी, गूळ, ज्वारीच्या कण्या बांधून घ्यायचे. कोणाचं बाळंतपण, असं त्याने विचारलं की 'मैनेचं' म्हणायचे. दीड वर्षात दोनदा मैनेचं बाळंतपण झालं, जावई मात्र एकदाही दिसला नाही. शेवटी त्याने हळहळून माझ्या आईला विचारलं की काकू, या मास्टरच्या लेकीला सासरचे नांदवत नाहीत काय. आई पदर तोंडाला लावून हसत घरी आली.

हसायचो आम्ही सगळेच. गोठ्यात तणसाचा मऊ बिछाना, गायीला वाळ्याची ताटी, तिच्यावर तासातासाला पाणी, आणि स्वतः पुढे दुकानात घामाने निथळत बसलेले. गल्लीचा राग होता तो फक्त चिकावरून. गाय व्याली की पहिल्या दिवसांचं ते पिवळं दाट दूध शेजाऱ्यांकडे जायचं आणि घरोघर खरवस व्हायचा, अशी सगळीकडे रीत. बळीरामजींकडून थेंब सुटत नसे. ते वासराचं ताट हाये, एवढंच म्हणायचे. माझी आई प्रत्येक वेळी आशेने तांब्या घासून ठेवायची आणि प्रत्येक वेळी त्यांना चिक्कू म्हणून तो पुन्हा फळीवर ठेवायची.

ही गोष्ट सत्तरनंतरच्या एखाद-दोन वर्षांतली. मी नुकताच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो होतो. माझ्या बायकोला सातवा महिना होता. त्या मे महिन्यात मैना व्यायची होती. ती म्हातारी झालेली. हे शेवटचं वेत, असं बळीरामजीच सांगायचे. आतापर्यंत तिला सगळे गोऱ्हेच झाले. एक कालवड व्हावी, म्हणजे मैना गेल्यावर मैनेचं काही तरी गोठ्यात राहील, ही त्यांची एकच इच्छा. ती त्यांनी मला इतक्यांदा सांगितली होती की मला पाठ झाली होती.

मैनेची कास भरली, शेपटीजवळ खड्डे पडले, आज-उद्यावर आलं, आणि उमरेडहून निरोप आला की त्यांची मोठी बहीण अत्यवस्थ आहे. त्यांची आई लवकर गेल्यावर याच बहिणीने त्यांना काही वर्षं सांभाळलं होतं. दुपारभर ते दुकानात नुसते बसून राहिले. मग आमच्या घरी आले. शाळेला सुट्ट्या होत्या, मी घरीच होतो.

"सुधाकर, तू शिकेल माणूस हायेस, म्हणून तुले सांगून राहिलो," ते म्हणाले. "वासरू उभं राहिलं का पहिले थानाले लाव. जार पडाची वाट नको पाहू. लोक सांगतीन, आयकू नको."

जार म्हणजे वासराच्या मागून पडणारी वार. ती पडायच्या आधी वासराला चीक पाजला तर ती वर चढते आणि गाय दगावते, असं आमच्याकडचे सगळे जाणते मानायचे. एकटे बळीरामजी मानत नसत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बिनघोर जा, मी विज्ञान शिकवतो, मला हे काय सांगता. ते संध्याकाळच्या गाडीने गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मैना व्याली. कालवड. पांढरी, काळ्या नाकाची. मी वेड्यासारखा हसत होतो. अर्ध्या तासात ती चार पायांवर उभी राहिली आणि झोकांड्या खात आईच्या कासेकडे निघाली. तेवढ्यात आई आली, तिच्यामागून गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या. आई सावनेरकडच्या शेतकऱ्याची लेक. गुरांतलं मला काय कळतं, असं तिने विचारलं, आणि ते खरंच होतं. मी बळीरामजींचा निरोप सांगितला. तो म्हातारा सनकी हाये, असं सगळ्यांचं एकमत झालं. तरी मी एकदा म्हटलं, पण त्यांनी सांगितलंय.

"गाय मेली तं त्याले काय तोंड दाखवशीन?" आई म्हणाली.

माझी विद्या तिथेच संपली. मी कालवडीच्या गळ्यात दावं घातलं आणि तिला खुंट्याला बांधलं. गाठ मला नीट येत नव्हती. तीनदा ती सुटली, तीनदा कालवड कासेपर्यंत पोचली, आणि तिन्ही वेळा मी तिला या दोन हातांनी मागे ओढलं. शेवटच्या वेळी तिचं तोंड थानाला लागलंसुद्धा होतं. मैना मान वळवून हंबरत होती. दहा वाजले, बारा वाजले, ऊन चढलं. ताटीवर पाणी मारायचं काम मात्र मी चोख केलं. जार काही पडेना. तीनच्या सुमारास कालवड खाली बसली, मग ओढायचीही थांबली. ती दमली असेल, असं मी मनाला सांगितलं.

दिवेलागणीला जार पडला. सगळ्यांनी हात जोडले. मी दावं सोडलं, कालवडीला उचलून कासेखाली धरलं, पण तिला थान तोंडात धरता येईना. बांबूच्या नळीने थोडा चीक घशात सोडला, तो अर्धा बाहेर आला. कास तर तटतटलेली. आईने पिळली, आणि त्या रात्री इतक्या वर्षांनी आमच्या गल्लीत मैनेच्या चिकाचा खरवस झाला. मीही खाल्ला. चव चांगली होती, हे लिहायची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी बळीरामजी आले. बहिणीला स्मशानात पोचवून तडक गोठ्यात. कालवड बघून आधी त्यांचा चेहरा फुलला, मग जवळ बसले तसा उतरत गेला.

"केव्हा पाजलं?"

"उभी राहिली तसं," मी म्हणालो.

त्यांनी कालवडीच्या गळ्यावरून हात फिरवला. दाव्याने तिथले केस घासले गेले होते. हात तिथे थोडा वेळ थांबला. मग ते 'बरं' म्हणाले आणि मला घरी जायला सांगितलं. गुरांचा डॉक्टर आला, सुई देऊन गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी कालवड गेली. बळीरामजींनी तिला दुकानातल्या कोऱ्या कापडात गुंडाळून नेलं. कोणी सुचवलं की कातड्यात पेंढा भरून मैनेपुढे ठेवा, म्हणजे ती पान्हा सोडेल. तिले नाही फसवत, म्हणाले. मैना आटली. आणि गल्लीत जो कोणी विचारेल त्याला ते सांगायचे की पोर कमजोरच जन्मली होती, सुधाकरने फार केलं. हे ते मी ऐकत असताना सांगायचे. मी मान खाली घालून उभा राहायचो, आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

दोन महिन्यांनी माझी बायको घरीच बाळंत झाली. तिला माहेर उरलं नव्हतं. दुपारी सुईणीने मुलगी झाल्याचं सांगितलं. आई स्वयंपाकघरात वाटीत गूळ विरघळवत होती. पहिलं दूध जड, ते पिळून टाकायचं, तीन दिवस मुलाला गुळाचं पाणी, ही आमच्याकडची पद्धत. मी बाहेर ओट्यावर आनंदाने येरझाऱ्या घालत होतो. समोरून बळीरामजी रस्ता ओलांडून आले आणि ओट्यावर बसले.

"मलेबी एक पोरगी झाली होती," ते म्हणाले. "तिलेबी तीन दिवस गुळाचं पाणीच देल्लं, चवथ्या दिवशी गेली. पोरगी रडून राहिली होती अन् मी असाच बाहेर बसून होतो. बहिणीसमोर कसं बोलावं म्हणून मीबी बोललो नाही."

मीबी. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. गळ्यावर हात फिरवला तेव्हापासून ठाऊक होतं.

"जाय, तू बोल," ते म्हणाले. "लवकर जाय."

मी आत गेलो आणि आईच्या हातातली वाटी काढून घेतली. आई चिडली, रडली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलगी त्याच दुपारी तिच्या आईच्या छातीला लागली. बाहेर आलो तर बळीरामजी अजून ओट्यावरच बसले होते. मी मान हलवली. त्यांनी डोळे पुसले आणि ते उठून गेले.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. माझ्या मुलीचे फ्रॉक त्यांनीच शिवले, आणि ती पळत समोर जाऊन त्यांच्या गोठ्यात तासनतास बसायची. मी रोज सकाळी शाळेला जाताना त्यांना हात करायचो. कालवडीला मी बांधून ठेवलं होतं, एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. कित्येकदा त्यांच्या दुकानात जाऊन बसलो, पँटचं माप दिलं, पावसापाण्याचं बोललो आणि उठून आलो. ते माझ्याकडे असे बघायचे की जणू वाट बघत आहेत. माझ्या तोंडून ते शेवटपर्यंत निघालं नाही.