उभ्या नाण्याचे बिडवे

निमखेडीत नाणं उडवायचं असेल तर त्याच्या तिन्ही निष्पत्ती जातीनं हजर असाव्या लागतात. छापा निकमांच्या घराण्याकडे आहे, काटा टिपणिसांकडे, आणि नाणं उभं राहण्याचा मान बिडव्यांकडे. हे असं का, ते निमखेडीत कुणी विचारत नाही. बाहेरगावच्या माणसानं विचारलंच तर त्याला आधी चहा देतात आणि मग उलट विचारतात, "तुमच्याकडे कोण उभं राहतं?" कुणीच नाही म्हटल्यावर त्यांना त्या माणसाची दया येते.

पद्धत साधी आहे. कॅनॉलचं पाणी आधी कुणाच्या शेताला, देवळासमोरून आधी कुणाची वरात, कबड्डीला मैदानाची कुठली बाजू, असं काहीही ठरवायचं झालं की तिन्ही घरांना बोलावणं जातं. निकम उजवीकडे, टिपणीस डावीकडे आणि बिडवे मधोमध, जरा मागे. छापा पडला तर काय आणि काटा पडला तर काय, हे भांडणारे ठरवतात. नाणं उभं राहिलं तर काय, हे बिडव्यांनी सांगायचं. मग नाणं उडतं. ज्याचं पडलं तो "आमचं" म्हणतो, उरलेले दोघं "मान्य" म्हणतात. दोन्ही "मान्य" ऐकू आल्याशिवाय निकाल धरत नाहीत.

इंदूआक्का बिडवे हा मान नवऱ्याच्या माघारी सांभाळत होत्या. मुलगा आणि सून पिठाची गिरणी बघत, आणि आक्का नाणं बघत. "आमचं" म्हणायची वेळ त्या घरावर कधीच आलेली नव्हती. सासरे, आजेसासरे, त्यांच्याही आधीचे, सगळे जन्मभर "मान्य" म्हणत गेले. पण काय म्हणत! निकमांचं "मान्य" म्हणजे दाढ उपटल्यासारखं. टिपणीस तर मिशीतल्या मिशीत पुटपुटतात. बिडव्यांचं "मान्य" मात्र खणखणीत, पार एसटी स्टँडपर्यंत जाणारं. आक्कांना त्याचा भारी अभिमान होता. हरण्याची सवय असणं वेगळं आणि हरायला यावं लागणं वेगळं, असं त्या सुनेला सांगत, आणि सून पिठाचे हात झटकत हो म्हणे.

शिवाय अर्थ सांगायचा असे. कॅनॉलच्या पाण्याला आक्का म्हणत, "उभं राहिलं तर दोन्ही शेतांना एकदम पाणी." वरातींना म्हणत, "उभं राहिलं तर दोन्ही नवरदेव एका घोड्यावर." ऐकत कुणी नसे, सगळ्यांचे डोळे नाण्याकडे. तरी आक्का तांदूळ निवडताना आदल्या दिवसापासून तोच विचार करत असायच्या. घरचा नियम एकच होता. आपल्या निष्पत्तीवर आपल्यासाठी काही मागायचं नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी उभं राहणं कमी करा म्हणून सांगितलं. "मग तुम्ही या की उभं राहायला," आक्का म्हणाल्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. ते टिपणिसांचे जावई होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दहावीतली नात, रेऊ, शाळेतून फुरंगटून आली. दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि म्हणाली, "आज्जी, आपल्याला मोजत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"देवस्थळी बाई. दोन नाणी एकदम उडवली तर निष्पत्ती किती, असं गणित होतं. मी नऊ लिहिल्या. बाईंनी काट मारली. म्हणे चार."

आक्कांनी बोटांवर हिशेब केला. दोन नाणी एकदम उडवायची म्हणजे प्रत्येक घरातनं दोन-दोन माणसं आणावी लागणार, म्हणून निमखेडीत कुणी तसलं धाडस केलेलं नव्हतं. पण पहिल्याच्या तीन आणि त्यातल्या प्रत्येकीबरोबर दुसऱ्याच्या तीन, म्हणजे नऊच की. पोरीचं कुठं चुकलं? त्यांनी चपला घातल्या.

देवस्थळी बाई वर्षभरापूर्वीच बदलून आलेल्या. हुशार बाई, शिकवण्यात हातचं राखायच्या नाहीत. त्यांनी आक्कांना खुर्ची दिली. आक्का बसल्या नाहीत.

"आक्का, पुस्तकात दोनच आहेत," बाई म्हणाल्या. "छापा आणि काटा. त्या समसंभाव्य आहेत. म्हणजे दोघींना सारखीच संधी. तुमच्या निष्पत्तीला तशी संधी नाही."

"सारखी संधी आम्ही मागितली कधी? निकमांना अर्धं द्या, टिपणिसांना अर्धं द्या. आम्ही आहोत, एवढं तर लिहा."

"दोघांना अर्धं-अर्धं दिलं की खाली काहीच उरत नाही, आक्का. सगळ्या निष्पत्तींची बेरीज एक व्हावी लागते. त्यात तुम्हाला बसवायचं तर निकम आणि टिपणिसांचं थोडं थोडं काढून घ्यावं लागेल."

"मग काढा की. त्यांना काही कमी पडत नाही."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. "मला पटतंय तुमचं. पण बोर्डाच्या पेपरात रेऊनं नऊ लिहिल्या तर तपासणारा निमखेडीचा नसेल. पोरीचं नुकसान होईल. गावात तीन आणि पुस्तकात दोन, असं किती दिवस चालवायचं? मी नगरपरिषदेला विचारते. ते सांगतील तसं शिकवते."

बाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे आक्कांनाही कळत होतं. तरी घरी येताना त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. आजवर बिडव्यांना लोक हसले होते, विसरले होते, एकदा तर बोलावणंच पाठवायचं राहिलं म्हणून अख्खी वरात खोळंबली होती. पण आहात की नाही, असं कुणी विचारलं नव्हतं.

नगरपरिषदेचे मुख्याधिकारी हुंडेकर साहेब. त्यांनी बाईंचा प्रश्न वाचला आणि त्यांच्या नव्यानंच लक्षात आलं की गावात प्रत्येक नाण्यामागे एक माणूस विनाकारण उभा असतो. त्यांनी सभा घेतली. नाणं उभं राहणं ही निष्पत्ती यापुढे निमखेडीच्या हद्दीतून वगळावी, असा ठराव मांडला. निम्मे नगरसेवक वगळा म्हणाले, निम्मे ठेवा म्हणाले. कुणी तसूभर हलेना. तेव्हा निमखेडीत दुसरं काय करणार? नाणं उडवायचं ठरलं.

रविवारी सकाळी नगरपरिषदेसमोरच्या पटांगणात गाव लोटलं. आक्का ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. बिडवे असेच ताठ येतात, मग प्रश्न पाण्याच्या पाळीचा असो की स्वतःच्या मुळावर उठलेला. मागे रेऊ, आणि रेऊच्या शेजारी देवस्थळी बाई. बाईंचा चेहरा एवढासा झाला होता. आपण साधा प्रश्न विचारला आणि हे काय होऊन बसलं, असं त्यांना वाटत होतं.

हुंडेकर साहेब नाणं घेऊन उभे राहिले. "छापा पडला तर बिडव्यांची निष्पत्ती वगळायची. काटा पडला तर ठेवायची. ठीक?"

"आणि उभं राहिलं तर?" निकमांनी विचारलं.

"त्याची काही गरज नाही."

"वा रे वा! गरज कशी नाही? आज अजून ती आहे ना? वगळलीत तर उद्यापासून नाही. तिन्ही अर्थ झाल्याशिवाय मी छापा म्हणून उभा राहणार नाही."

"मीही नाही," टिपणीस म्हणाले. त्या दोघांचं पटलेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

साहेबांचा नाइलाज झाला. "सांगा, आक्का."

आणि सगळं पटांगण आक्कांकडे वळलं. इतकी वर्षं त्या अर्थ सांगत आल्या होत्या आणि आज पहिल्यांदा तो कुणी ऐकत होतं. रेऊनं मागून हळूच पदर ओढला. "आज्जी, ठेवा म्हण. मग काटा पडला तरी आपण राहतो आणि उभं राहिलं तरी राहतो."

आक्कांनी पदर सोडवून घेतला. मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उभं राहिलं तर वगळा."

लोकांत एकच कुजबुज उठली. देवस्थळी बाई पुढे आल्या. "आक्का, अहो, तुम्ही स्वतःची निष्पत्ती विरुद्ध बाजूला देताय. छाप्याला तुम्ही जाणार, आणि उभ्यालाही तुम्हीच जाणार. तुमच्याकडे उरला तो नुसता काटा."

"असू दे. आमच्या घरात आपल्या नाण्यावर आपल्यासाठी मागत नाहीत. आणि बाई, एकदा का ते उभं राहिलं, की आम्ही कशासाठी उभं राहायचं? उभं राहीपर्यंतच आमचं काम."

साहेबांनी नाणं उडवलं.

नाणं वर गेलं, उन्हात चमकलं, खाली आलं, फरशीवर टणकन आपटलं आणि घरंगळत निघालं. निकमांच्या चपलेला वळसा घालून ते टिपणिसांच्या बाजूला गेलं, तिथून परत फिरलं, आणि आक्कांच्या समोर येऊन थांबलं. थांबलं ते उभंच.

हुंडेकर साहेब वाकून बघायला लागले. "हे अजून पडायचंय," ते म्हणाले.

मग सगळे थांबले. साहेबांसाठी आणलेला चहा गार झाला. समोरच्या रस्त्यानं उसाची ट्रॉली गडगडत गेली, पटांगणाची फरशी थरथरली, पण नाणं काही पडलं नाही. कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं तशी त्याच्या आईनं त्याला घाईघाईनं लांब नेलं. अखेर साहेबांनी कंबर सरळ केली आणि आक्कांकडे पाहिलं.

आक्कांना सासऱ्यांची आठवण आली, तापानं फणफणत असताना दोन पोरांच्या आधारानं येऊन उभे राहिले होते ते. नवऱ्याची आली. तो शब्द कसा म्हणायचा, हे त्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

"आमचं," त्या म्हणाल्या.

तेही स्टँडपर्यंत गेलं.

निकमांनी टोपी काढली. "मान्य." त्यांचं आजचं "मान्य" दाढ उपटल्यासारखं नव्हतं. टिपणीस मात्र आ वासून नाण्याकडेच बघत होते. निकमांनी त्यांना कोपरानं ढोसलं तेव्हा ते दचकून "मान्य, मान्य" म्हणाले. दोनदा म्हणायची पद्धत नाही, पण साहेबांनी ते चालवून घेतलं.

"म्हणजे निष्पत्ती वगळली," साहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कसंसंच झालं. "आक्का, मी काय म्हणतो, पुन्हा एकदा सभा घेऊ या. असं झाल्यावर..."

"साहेब, निकाल लागला. दोन्ही मान्य आलेत. उद्यापासून छापा आणि काटा."

"तुम्ही काय करणार मग?"

"गिरणीत बसेन. सुनेला मदत होईल."

रेऊच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आज्जी, म्हणजे आता आपल्याला खरंच मोजणार नाहीत?"

आक्का वळल्या देवस्थळी बाईंकडे. "बाई, तुम्ही शिकलेल्या. एक सांगा. हे जे नाणं आत्ता उडवलं, त्यात आमचा वाटा किती?"

बाई नाण्याकडे बघत राहिल्या. मग वर्गात फळ्यापुढे उभ्या राहिल्यासारख्या सरळ झाल्या. "उडवायच्या आधी विचारलं असतं तर मी शून्य म्हटलं असतं, आक्का. फार तर शून्याच्या जवळ. पण आता ते पडून झालंय. म्हणजे उभं राहून झालंय. जी घटना घडून गेली ती निश्चित घटना. तिची संभाव्यता एक."

"एक म्हणजे?"

"एक म्हणजे पूर्ण. त्याच्या वर काही नसतंच."

"अर्धं नाही ना?"

"नाही. पूर्ण एक."

"आणि या नाण्यात निकमांचं किती?"

"शून्य."

"टिपणिसांचं?"

"शून्य."

आक्कांनी पदर खांद्यावर नीट घेतला. रेऊचा हात धरून तिला आपल्या शेजारी, मधोमध उभं केलं. पटांगणात लांबवर लोक पांगायला लागले होते. कुणी पान लावत होतं, कुणी सायकल काढत होतं.

"बाई," आक्का म्हणाल्या, "जरा मोठ्यानं सांगता? मागच्यांना ऐकू गेलं नाही."

बाईंनी मोठ्यानं सांगितलं.