रिकाम्या गाडीचे वजन

माणसाचे वजन काट्यावर होत नाही, खुर्चीवर होते, हे रत्नागिरीत कुणी न शिकवताही सर्वांना येते. त्या हिशेबाने अनिशचे वजन फक्त दोन रांगांनी वाढायचे होते. बागायतदार मंडळाच्या सभेत तो तिसऱ्या रांगेत, खांबाआड बसे. पहिल्या रांगेसाठी उपाध्यक्ष व्हावे लागते, आणि त्यासाठी 'आप्पांचा मुलगा' याखेरीज आणखी काहीतरी असावे लागते. (मुलाचे पद त्याने बेचाळीस वर्षे बिनविरोध भूषवले होते.)

म्हणून त्याने मुंबईहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली. आठ सिलिंडर, दोन दरवाजे, वजन एकोणीसशे वीस किलो. ताशी अडीचशेने धावू शकणारी ही गाडी गावात ताशी बावीसने जाई, कारण तिचे पोट रस्त्यापासून चार बोटे वर होते आणि गतिरोधक सहा बोटे. त्यामुळे ती सर्वांना सावकाश पाहता आली. पण मालकाचे वजन वाढेना. "धावते का रे ती?" असे लोक आजाऱ्याची चौकशी करावी तसे विचारीत.

ती धावते हे सिद्ध करण्यासाठी अनिशने मे महिन्यात दक्षिणेतल्या एका रेस ट्रॅकवर जायचे ठरवले. तिथे फी भरून कोणालाही आपली गाडी दिवसभर गोल फिरवता येते आणि शेवटी फेरीची वेळ छापलेला कागद मिळतो. मंडळाची निवडणूक त्यानंतर आठ दिवसांनी होती.

"सर, गाडी जड आहे," ट्रॅकवरचा माणूस फोनवर म्हणाला. "जड गाडी पळवणं सोपं, थांबवणं कठीण. चांगले ब्रेक बसवा आणि वजन काढा."

सदर सूचनेची अंमलबजावणी मिरकरवाडा बंदरावर भिकाजीकडे झाली. भिकाजी मासेमारी ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करतो. (ट्रॉलरला ब्रेक नसतात, त्यामुळे या विषयाकडे त्याला कोऱ्या मनाने पाहता आले.) नवे पॅड बसले, उकळी लवकर न फुटणारे ब्रेक ऑइल भरले. मग मागची सीट, स्टेपनी, गालिचा आणि सहापैकी चार स्पीकर उतरले. ट्रॅकवर गाडीत सुटी वस्तू चालत नाही म्हणून डॅशबोर्डवरचा पितळी गणपतीही उतरला.

"देव नाही तर मीही नाही बसायची," उमा म्हणाली.

"तुला तिकडे बसायचंच नाहीये."

"म्हणजे देवाला आणि बायकोला एकाच दिवशी उतरवलंत. छान."

बर्फाच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर गाडी चढली. खिडकीतून आवाज आला, "माल काय?"

"माल नाही. गाडीच तोलायची आहे."

"म्हणजे रिकामी?"

"रिकामी."

"सतराशे चाळीस! रिकामी!" तो अख्ख्या बंदराला ऐकू जाईल असा ओरडला.

एकशे ऐंशी किलो कमी झाल्याच्या आनंदात अनिशने या शेवटच्या शब्दाकडे लक्ष दिले नाही. मे महिन्यात, आंबा झाडावरून उतरलेला असताना, रत्नागिरीतून एखादी गाडी रिकामी बाहेर पडणे हा शेजारधर्माचा भंग समजला जातो.

संध्याकाळी शेजारच्या वैष्णवीकाकू आंब्याची पेटी घेऊन आल्या. "सीट काढलीन म्हणे अनिशने! कोल्हापूरला आमच्या जावयांकडे एवढी टाक. वाटेतच आहे." पाठोपाठ मंडळाचे अध्यक्ष रावजी यांच्या तीन पेट्या आल्या, बेळगाव आणि 'तिथून जवळच' (अंतर नव्वद किलोमीटर) अशा पत्त्यांच्या. भिकाजीनेही हुबळीच्या बहिणीसाठी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीची, पिशवी ठेवली. "ह्येला वजन नाय शेठ, नुसता वास हाय."

"आप्पा, ही रेसची गाडी आहे!"

"मग नाही म्हण. पण अनिश, त्या पेट्या नव्हेत, मतं आहेत." आप्पांनी वाकून आत पाहिले. "सीट काढलीस हे बाकी शहाणपणाचं केलंस. नऊ आरामात बसतात."

बाकीच्या शेजाऱ्यांच्या धरून नऊ बसल्या. वर दोन फणस.

आता कोणी म्हणेल, पेट्या वाटेत उतरल्या की गाडी हलकी होईल. असे म्हणणारा कधी कोणाकडे आंबे घेऊन गेलेला नाही. आंबे आणणाऱ्याला हात हलवत परत पाठवणारे घर अजून बांधले गेलेले नाही. कोल्हापूरच्या जावयांनी गुळाच्या सहा ढेपा चढवल्या, बेळगावने बटाटे आणि कुंदा, हुबळीच्या बहिणीने ज्वारीचे पोते. ट्रॅकवरच्या काट्याने दोन हजार दहा किलो दाखवले. तपासनीसाने आत डोकावून आदराने विचारले, "साहब, शिफ्टिंग है क्या?"

गूळ, बटाटे, ज्वारी पिटलेनच्या, म्हणजे ट्रॅकवर शिरायच्या वाटेच्या, कडेला मांडून अनिश सुटला. सरळ रस्त्यावर गाडी खरोखर धावली. हे त्याच्याशिवाय कोणी पाहिले नाही. दुसऱ्या वळणावर त्याने ब्रेक दाबला तो खालपर्यंत गेला. हजारावर किलोमीटर दोन टन ओझे थांबवून थांबवून पॅडांनी वाटेतच देह ठेवला होता. गाडी वळणाबाहेरच्या वाळूत शिरली आणि उत्तम थांबली. कागदावर छापून आले: वेळ नाही.

दाखवण्याजोगा कागद नव्हता, पण गूळ होता. नवे पॅड बसवून गावी परतल्यावर अनिशने तो घरोघर पोचवला आणि खांबाआड जाऊन बसला. सभेत रावजी म्हणाले, "अनिशसारखा वजनदार माणूस मागे बसतो, ही मंडळाला शोभणारी गोष्ट नाही!" टाळ्या झाल्या. उपाध्यक्ष रावजींचा भाचा झाला. अनिशसाठी 'वाहतूक प्रमुख' हे नवे पद एकमताने निर्माण झाले. पहिल्या रांगेत कायमची खुर्ची, दाराशेजारची, म्हणजे निघायला बरी. अट एकच: मागची सीट पुन्हा बसवायची नाही.

ताळेबंद असा. पेट्रोल अनिशचे, ब्रेक अनिशचे, ट्रॅकची फी आणि उमाचा अबोलाही अनिशचाच. आंबे जावयांनी खाल्ले, गूळ शेजाऱ्यांनी. राहिलात तुम्ही. एवढे सगळे वाचून तुम्हाला त्याच्या ब्रेकची काळजी वाटली नाही. ही गाडी आपल्या मावशीच्या गावावरून जाते का, एवढेच मनात आले. मावशीला पेटी जरूर पाठवा. तोही खर्च अनिशच्याच नावावर टाकला आहे.