आमचा पिझ्झा फोटोला बसतो

स्वयंपाकात अवघड असं काही नसतंच मुळी! बायका उगीच त्याचा बाऊ करतात, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात ते मी घरी मांडत नाही, ऑफिसात मांडतो. त्या दिवशीही डबे उघडता उघडता मी मांडलंच.

"पिझ्झा? तो मी घरीच करतो! तोही फळांचा! खाली चीज, वर अननस, पेअर, अंजीर... एकदा खाल तर बाहेरचा विसराल!"

मागे आमच्या मॅडम उभ्या होत्या.

"अरे वा! तुमचा हा छंद आम्हाला माहीतच नव्हता!" त्या म्हणाल्या. "कॅलेंडरचा नोव्हेंबर तुम्हाला! सोमवारी फोटो आणा."

यंदाच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर कर्मचाऱ्यांचे छंद छापायचे ठरले होते. नोव्हेंबर खरं तर स्टोअरकीपरचा, पण त्याचा बोलणारा पोपट ऐन वेळी न सांगता उडून गेला. आणि त्या रिकाम्या पिंजऱ्यात मी जाऊन बसलो!

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला गॅस पेटवता येतो का?"

"आपल्याकडे ओव्हन आहे!"

"तो कुठे आहे ते माहितीय?"

मी विषय बदलला.

रविवारी दुपारी कामाला लागलो. पहिला पिझ्झा भाजून बाहेर काढला, तेव्हा अननसाला असा पाझर फुटला होता की अंजिरं गटांगळ्या खात होती आणि चीज एका काठाला येऊन धापा टाकत होतं. बायकोने वाकून पाहिलं.

"चमच्याने खायचा का?"

दुसरा मात्र झकास जमला! (पीठ बायकोने मळलं. फळं तिनेच निथळून ठेवली. ओव्हनकडेही तीच बघत होती. बाकी सगळं मी केलं.)

फोटोसाठी मेहुण्याला बोलावलं होतं. त्याचा फोटो स्टुडिओ आहे. मात्र गेली कित्येक वर्षं तो फक्त पासपोर्टचे फोटो काढतो, त्यामुळे समोर काहीही आलं तरी आधी ते सरळ बसवतो. त्याने पिझ्झ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"दाजी, हा जरा डावीकडे कललाय. चेहरा पडलाय याचा."

"गोल आहे रे तो! कसा कलेल?"

"आणि कपाळावर सुरकुत्या आहेत."

त्या भाजलेल्या पेअरच्या फोडी होत्या. दिवे लावून, पडदा टांगून, मागे खुर्ची सरकवून होईपर्यंत चीजही थिजून खडखडीत झालं. पिझ्झ्याची फोड उचलली तर चीजची तार निघेना. मी जोर लावून ओढलं, तर अख्खा पिझ्झाच वर आला!

"घाबरू नका," मेहुणा म्हणाला. "फोटोत चव दिसत नाही."

त्याने भाजलेली फळं काढून टाकली आणि त्या जागी कच्च्या फोडी मांडल्या. फोडींना चकाकी यावी म्हणून बायकोचं गुलाबाच्या वासाचं केसांचं तेल चोपडलं. मग बॅगेतून एक डबा काढला. अल्बममध्ये फोटो चिकटवायला तो घरीच मैद्याची दाट खळ शिजवतो, ती त्यात होती. ती त्याने गरम करून पिझ्झ्यावर सढळ हाताने ओतली. काय सांगू तुम्हाला! अशी तार सुटली, अशी तार सुटली की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं!

"आता खरा उजेड हवा," मेहुणा म्हणाला. "गच्चीवर चला!"

गच्चीवर जणू आमचीच वाट पाहत एक टेबल मांडलेलं होतं. त्यावर पांढरीशुभ्र चादर! समोर रांगेने खुर्च्याही होत्या, पण उतरतं ऊन इतकं सुरेख पडलं होतं की त्या कोणी आणि कशाला मांडल्या, हा प्रश्न आम्हा दोन शहाण्यांपैकी एकालाही पडला नाही. पिझ्झा टेबलावर ठेवून मेहुण्याने एक फोटो काढला.

"ही नुसती चाचणी. उजेड परतवायला काहीतरी चकचकीत पाहिजे."

आम्ही घरातली स्टीलची मोठी परात आणायला खाली उतरलो. परात धान्याच्या डब्यांमागे सापडली. ती घेऊन वर येतो तर काय! गच्ची माणसांनी भरलेली! त्या संध्याकाळी आमच्या इमारतीची वार्षिक सभा होती आणि टेबल होतं सेक्रेटरीसाहेबांचं!

हे सेक्रेटरीसाहेब म्हणजे बोलण्याचा धबधबा. 'दोन शब्द बोलतो' म्हणून उभे राहिले की ऐकणाऱ्यांची दाढी वाढते. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"या, या! सभेला प्रथमच कोणीतरी खाऊ आणलाय! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. आणि सेक्रेटरीसाहेबांच्या हातात पिझ्झ्याची फोड! तिची तार टेबलापर्यंत लोंबत होती.

"अहो, नको! खाऊ नका!" मी परातीसकट धावलो.

"संकोच कसला? आहाहा! गुलाबाचा वास येतोय!" म्हणत त्यांनी हा एवढा मोठा घास घेतला.

"थांबा! तो खाण्याचा नाही!" मी किंचाळलो.

लगेच हाहाकार! "विष!" कोणीतरी ओरडलं. हातातून परात निसटली आणि फरशीवर अशी दणाणली की अर्धी सभा खुर्च्यांखाली गेली.

"विष नाही हो, खळ आहे! मैद्याची!" मेहुणा जीव तोडून सांगत होता.

सगळे सेक्रेटरीसाहेबांकडे पाहू लागले. ते बोलायला गेले, पण तोंड काही उघडेना. खालच्या आणि वरच्या कवळीची खळीने कायमची गाठ मारली होती!

"म्म्म!" ते म्हणाले.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर पुढे झाले. ते जनावरांचे डॉक्टर आहेत, पण त्या क्षणी तेवढा भेद कोण करतो? त्यांनी सेक्रेटरीसाहेबांची मान थोपटली.

"शांत... शांत हो राजा... लाथ नाही मारायची... श्वास नीट चालू आहे. कोमट पाण्याच्या चुळा द्या. सुटेल हळूहळू."

धोका नाही म्हटल्यावर सभेत एक विलक्षण शांतता पसरली. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच! मग चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिका उठल्या आणि झरझर बोलल्या, "जिन्याला रंग द्यायचा. कोणाची हरकत?"

हरकत एकाच माणसाची असायची.

"म्म्म! म्म्म्म!" ते दोन्ही हात हलवून म्हणाले.

"ऐकलंत? सेक्रेटरींची संमती! पुढचा विषय!"

पाण्याची टाकी साफ करणं मंजूर! मुलांना गच्चीवर खेळायला परवानगी मंजूर! चुळा भरून कवळी सुटेपर्यंत सभा संपलेली, खुर्च्या उचललेल्या!

"मला दोन शब्द बोलायचे आहेत!" ते गरजले. समोर फक्त मी आणि मेहुणा होतो. आम्ही ऐकले. तेवढं प्रायश्चित्त आम्हाला घ्यायलाच हवं होतं. खाली उतरताना मात्र दारादारातून लोकांनी माझा हात हातात घेऊन दाबला. शिक्षिकाबाईंनी तर विचारलं, "पुढच्या सभेलाही कराल ना?"

सोमवारी चाचणीचा तो एकुलता एक फोटो मॅडमना दिला. त्यांनी तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"अप्रतिम!" एवढंच म्हणाल्या. मी हवेत!

कॅलेंडर छापून आलं. नोव्हेंबरच्या पानावर आमचा पिझ्झा काचेसारखा चमकत होता. खाली माझं नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत, 'छंद: मातीकाम'.

मी मॅडमच्या केबिनमध्ये धावलो. काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "काय हुबेहूब केलाय हो! मला आधी वाटलं, तुम्ही खायचा पिझ्झा करता. फोटो पाहिल्यावर कळलं, तुम्ही कलावंत आहात! उन्हाळ्यात आपल्या स्टाफसाठी शिबिर घ्यायचं. घ्याल ना?"

आता असं कोणी विचारल्यावर मी काय म्हणालो असेन, हे तुम्ही ओळखलंच असेल.

सध्या रोज सकाळी कुंभारकामाच्या वर्गाला जातो. वर्गात माझ्या खालोखाल वयाची मुलगी सातवीत आहे. परवा माझं पहिलं मडकं भाजून तयार झालं. घरी आणून बायकोच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि खरोखर कौतुकाने म्हणाली,

"ताटली छान झालीय हो!"