पाणी कुणाला सुटलं?

शिकलेल्या माणसाला राग येत नाही, त्याला फक्त मुद्दा सापडतो. हे मत मी कॉलेजपासून टिकवून आहे. नागेंद्रचा फोन आला त्या दिवशी मुद्दा जरा मोठ्यानं सापडला, एवढंच. मेव्हण्यानं घाबरून यंत्रमाग बंद केला.

कंग्राळीत घरामागं माझ्या बायकोनं, जयाबाईनं, मांसासाठी ससे पाळलेत. पिंजरे तिचे, कष्ट तिचे, वास सगळ्यांचा. निपाणीजवळ हायवेला नागेंद्रचं हॉटेल आहे. त्यानं थोडे ससे चवीला नेले होते. पसंत पडले तर कायमची ऑर्डर, नाहीतर तो खानापूरच्या माणसाकडं जाणार. जयाबाई त्याच्या निरोपाकडं डोळे लावून बसली होती.

निरोप आला तो मला, वडगावला, मेव्हण्याच्या चालू मागाशेजारी. नागेंद्र घरात कन्नड बोलतो, मराठी आमच्यासाठी राखून ठेवतो. त्या खडखडाटात एवढंच ऐकू आलं, "परशरामअण्णा, तुमचं ससा... लई पाणी सुटतंय बघा. रविवारी येतो मी."

पाणी सुटतंय! म्हणजे कढईत. म्हणजे आमचं मटण पाणचट! ज्याच्या रश्श्यातून ताटाचा तळ दिसतो, त्यानं हे बोलावं! तेव्हापासून मी नागेंद्रला पाण्यात पाहू लागलो.

जयाबाईला काही सांगितलं नाही. तिला उगाच वाईट वाटलं असतं. त्यापेक्षा मोबाईलवर शोधलं, तर सशांचं पाणी तोडून मांस तपासल्याचा एक अभ्यासच सापडला. पहिली ओळ वाचली. शेवटची वाचायची गरज वाटली नाही, निष्कर्ष माझ्याकडं तयार होता. पिंजऱ्यांच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या टाकीची चावी बंद केली. संध्याकाळी थोडा वेळ सोडायची, पुन्हा बंद.

सशांनी खाणं टाकलं. मला वाटलं, मटण घट्ट होतंय. जयाबाईला वाटलं, गोळीखाद्य नासकं आहे. तिनं शांतिनाथच्या दुकानात जाऊन असा आवाज लावला की दोन गिऱ्हाइकं न घेताच परतली. शांतिनाथ सरळ माणूस, पाणीसुद्धा गाळून पितो. आपल्या खाद्यावर आळ आला म्हणून रविवारी तो स्वतःच गोळ्यांची पुडी घेऊन तणतणत आला.

"आक्का, मी मुंगीला दुखवत न्हाय. माझी गोळी सशाला काय करणार?" म्हणाला, आणि पुराव्यादाखल त्यानं एक मूठ तोंडात टाकली.

चावली. पुन्हा चावली. मग डोळे मोठे झाले आणि हात घशाकडं गेला.

"पाणी! पाण्याबिगर हे गिळवतच न्हाय की!"

जयाबाईनं तांब्या घेऊन हाताशी असलेली पिंजऱ्याची नळी दाबली. थेंब नाही. दुसरी दाबली. तीही कोरडी. तिची नजर नळीवरून टाकीकडं गेली, टाकीवरून चावीकडं आणि चावीवरून माझ्याकडं. शांतिनाथ तोवर आमच्या हौदाशी ओणवा झाला होता, गाळण्याचा विचार सोडून.

तेवढ्यात नागेंद्र गाडीवरून उतरला. माझा मुद्दा तयारच होता.

"ह्यालाच विचार," मी गरजलो. "पाणी सुटतंय म्हणाला!"

नागेंद्र गोंधळला. "तोंडाला, अण्णा. गिऱ्हाईकाच्या तोंडाला म्हटलो मी."

मागाच्या खडखडाटानं एक शब्द खाल्ला होता. सशांनी काहीच खाल्लं नव्हतं.

जयाबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नळ आला न्हाय की तुमी आंघोळीपायी घर डोक्यावर घेतासा," ती म्हणाली. "ह्या मुक्या जिवांनी कुणाच्या नावानं ओरडायचं हुतं?"

नागेंद्रनं एक ससा उचलला, पाठीवरनं बोट फिरवलं आणि अलगद परत ठेवला. "हे ससा न्हाय आक्का, नुसतं कातडं हाय. माझं गिऱ्हाईक थांबत न्हाय."  जयाबाईनं चावी सोडली. नागेंद्रची गाडी खानापूरच्या दिशेनं गेली आणि मागं सगळे ससे नळ्यांना लटकले.

राग कुणावर काढावा, हे ठरेना. म्हणून तो अभ्यास शेवटपर्यंत वाचून काढला.

पाणी तोडल्यानं सशांचं वजन घटलं. मांसाच्या दर्जात फरक पडला नाही.