एक इंची सेन्सरच्या मोहिमेची हकीकत

श्रीतुळजाभवानीचे चरणी मस्तक ठेवोन, मौजे मुरुम, तालुके उमरगे, येथे कॅमेऱ्याचे सेन्सरावरोन जे रण माजले त्याचा मजकूर जाहला तैसा लिहितो. पदरचे काही घालीत नाही. घातले असल्यास शोभेपुरते.

राजमान्य राजश्री दगडोबा यांची कन्या राजनंदिनी हिचे लग्न ठरले आणि फोटोंची सुपारी गावचेच वैजनाथ फोटोग्राफर यांस द्यावी ऐसी मसलत जाहली. वैजनाथाची हयात बारशी आणि पासपोर्टचे फोटो यांत गेलेली, एवढे मातब्बर लग्न प्रथमच. तेणे नवा कॅमेरा आणिला. कॅमेऱ्याचे पोटी ज्या पट्टीवर चित्र उमटते ती सेन्सर, आणि ती येथे 'एक इंची' ऐसे खोक्यावर छापिलेले. मग तीच बिरुदावली व्हॉट्सॲपच्या स्टेटसावर चढवोन गावभर मिरविली.

ऐन सुपारीचे दिवशी उमरग्याचे रणधीर फोटोग्राफर, फुल फ्रेम म्हणजे त्याहून थोरल्या सेन्सराच्या कॅमेऱ्याचे धनी, दगडोबांचे ओसरीवर चालोन आले आणि वैजनाथाचे कॅमेऱ्याचे माहितीपत्रक उघडोन अर्ज गुदरिला की, सेन्सराची लांबी तेरा मिलिमीटर लिहिली आहे, ती एक इंच कैसी? मग ब्लाउजाचे मापास आलेल्या शिंपीणबाईंचा टेप जप्त जाहला, तेरा मिलिमीटर मोजिले, आणि अर्ध्या इंचाहून किंचित अधिक भरोन बाकी इंच बेपत्ता. दगडोबा म्हणजे बांध बोटभर सरकला तरी सरकारी मोजणी आणणारे. तत्काळ हुकूम फर्माविला की, जो इंचात खोटा तो लग्नात खरा कैसा, सुपारी परत ठेवावी. वैजनाथ रडकुंडीस आला. आम्हांसही फार वाईट वाटले.

इतक्यात वधूमाता शिवकांताबाईसाहेब, शेतातील पाइपांची तमाम खरेदी जातीने करणाऱ्या, पिठाचे हात घेवोन बाहेर आल्या.

"आवं, अर्धा इंची पाइप आतून मोजा न्हायतर भाईरून मोजा, अर्धा इंच कुठंच भरत न्हाय. वीस वर्सं तीच आणताव आपण. पाणी आलं का न्हाय?"

"आलं," दगडोबा हळूच म्हणाले.

मग वैजनाथाचे डोक्यात उजेड पडला आणि तेणे जाबसाल केला की, पूर्वी टीव्हीच्या कॅमेऱ्यांत काचेची नळी असे, ती बाहेरून इंचभर आणि आत चित्र थोडके. पुढे नळी गेली आणि इंच तेवढा नावाला उरला. नळीचे नाव निघताच ओसरीवरील तमाम बागायतदारांनी माना डोलाविल्या.

बाईसाहेब तेथे थांबल्या नाहीत. रणधीराकडे वळोन पुसिले, "आन् बाळा, तुझ्या त्या फुलपेक्षा मोठं काय असतं का न्हाय?"

रणधीर धंद्यात कडवा, परंतु स्वभावे प्रामाणिक. "असतंय, काकू. त्याला मीडियम म्हणत्यात."

पूर्णाहून मध्यम मोठा, हे ऐकोन ओसरी ऐसी हसली की गोठ्यातील म्हैस उठोन उभी राहिली, आणि फुल फ्रेमची फौज नामोहरम होवोन चहा पिवोन परतली.

दगडोबांनी हुकूम फिरविला, सुपारी स्वहस्ते वैजनाथाचे हाती ठेविली आणि कॅमेऱ्यास हळदकुंकू वाहिले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, मुरुमकरांनी एक इंच मुलूख राखिला. मोजिल्यास अर्धाच भरतो, मोजू नये.