तात्यांचा हौद

माझ्या मुलीच्या पाठवणीला मी गाडीच्या दाराशी रडत उभी होते, तेव्हा शेजारचे अंबादासतात्या गर्दीतून वाट काढत पुढं आले. मला वाटलं, धीर द्यायला आले असतील. त्यांनी खिशातून कागदाची बारीक पट्टी काढली आणि म्हणाले, "वहिनी, एक थेंब देता का? गालावरचा नको, त्याला पावडर लागलीय. डोळ्यातलाच द्या."

एवढ्या माणसांत काय करणार? दिला. पट्टीचा रंग बदलला, तात्यांनी ती डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली आणि "झकास" म्हणून जेवायला निघून गेले. माझं रडू जे थांबलं ते थांबलंच. मुलगी अजून विचारते, आई, मला निरोप देताना तू चिडली का होतीस?

तात्यांची जमीन चितेगावकडं. तिथं कारखाने आले, जमिनीला भाव आला आणि तात्यांनी हर्सूलकडच्या आमच्या कॉलनीत बंगला बांधला. मागं निळ्या फरशीचा स्विमिंग पूल. ज्या शहरात नळाला पाणी पाहुण्यासारखं येतं, तिथं हा थाट! लोक कुजबुजायला लागले. बोअर घरची आहे, एकदा भरलेलंच पाणी गाळून वापरतो, हे सांगून सांगून तात्या दमले. कॉलनी त्याला हौद म्हणायला लागली आणि तेच नाव चिकटलं.

बरं, त्या हौदात कधी कुणी उतरायचंच नाही. तात्यांना तर पोहताच येत नाही. पण रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात लाल औषधाचे थेंब टाकायचे आणि उजेडात धरून रंग बघायचा. पिवळा आला तर आम्ल जास्त, गुलाबी आला तर खार जास्त. "पीएच सात पॉइंट चार पायजे. अंदाजानं नाय चालत," हे त्यांचं पालुपद. पुढं पुढं ही सवय इतकी वाढली की आमचा चहा, लग्नातला मठ्ठा, काही म्हणून सुटेना. सत्यनारायणाच्या तीर्थात पट्टी बुडवून त्यांनी गुरुजींना सांगितलं होतं, "आम्लाकडं झुकलंय, पण चालंल." गुरुजी त्यांच्याकडं प्रसादाला थांबले नाहीत.

ते सगळं ठीक, पण माझा थेंब कशाला हवा होता? मला काही चैन पडेना. लग्नासाठी आणलेलं त्यांचं पातेलं परत करायच्या निमित्तानं मी गेले. तात्यांच्या बायको, आमच्या काकी, हौदाच्या कडेला मेथी निवडत बसल्या होत्या. तात्या पलीकडं नळी उजेडात धरून उभे. मी काकींनाच विचारलं, तेव्हा सगळं कळलं.

काकी माहेरच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या. तळाशी टाकलेला पैसा डोळे उघडे ठेवून वर आणायच्या. लग्नानंतर सासऱ्यांनी बजावलं, आपल्या घरच्या सुना विहिरीत उड्या मारत नाहीत. तात्या शेजारीच उभे होते, बोलले नाहीत. म्हणजे हा हौद काकींसाठी होता! आणि पहिल्याच दिवशी तात्यांनी त्यात आम्लाचा अख्खा कॅन अंदाजानं ओतला. काकींनी पाण्यात डोळे उघडले आणि आग आग होऊन बाहेर आल्या. त्यानंतर पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही. औषधं विकणाऱ्यानं तात्यांना सांगितलं की पाणी आसवांसारखं असलं तर डोळ्यांना झोंबत नाही.

"तवापासून ह्यो माणूस लोकांची आसवं हुडकीत फिरतोय," काकी म्हणाल्या. "मला मागून थकले. मी रडतच नाय, त्याला मी काय करू?"

"तुमचा थेंब अन् ह्ये पाणी, दोन्हीचा रंग सारखा आला वहिनी," पलीकडून तात्या म्हणाले. नाव माझं, पण ऐकवायचं दुसऱ्याच माणसाला होतं.

काकींनी उरलेली मेथी निवडून संपवली. मग मला फाटक लावायला सांगून त्यांनी पदर खोचला आणि पायऱ्या उतरून सरळ पाण्याखाली गेल्या. तळाशी एक रुपया पडलेला मला नेहमी दिसायचा, तात्यांच्या खिशातून पडला असेल असं मी समजत होते. वर आल्या तेव्हा तो काकींच्या हातात होता.

तात्या गुडघे टेकून वाकले. "झोंबलं का?"

"नाय."

"मग डोळ्याला पाणी कशाचं?"

काकींनी रुपया त्यांच्या हातावर ठेवला. "तवा मामंजींपुढं एक शब्द बोलला असता तर?" मग तोंड पुढं केलं. "लावा आता तुमचा कागद."

तात्यांनी पट्टी काढली, पण काकींच्या डोळ्यांकडं बघता बघता ती बोटांतून निसटून पाण्यात पडली. त्यांनी दुसरी काढली नाही. खांद्यावरच्या पंचानं ते काकींचे डोळे पुसत राहिले.

मला तिथं उभं राहणं अवघड झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पीएच किती आहे हो आज, तात्या?"

"असंल की," तात्या मान वर न करता म्हणाले, "अंदाजानं."